थांब, बघते

माझ्या लेकीला आईला फोन करायला सवड नाही. राहते पुलापलीकडे, बस दारावरून जाते, पण म्हातारी जगली की मेली एवढं विचारताना बोटं झिजतात तिची. उन्हाळा गेला, पाऊस गेला, एक फोन नाही. घरात तिला आम्ही ठकी म्हणतो, कारण लहानपणी बसवाल तिथे लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची. आता पुरती लाकडाची झाली, असं मी मुलाला म्हटलं. त्याने मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं, "मग तूच का करत नाहीस?"

"विहीर कधी बादलीकडे जाते का रे?" मी म्हटलं.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे वाफेची इस्त्री, आणि भिंतीपर्यंत लोखंडी दांड्या, त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्यांत लोकांचे कोट टांगलेले. दुकान नवऱ्याने काढलं आणि मी चालवलं. तो गेला तेव्हा कित्येक गिऱ्हाइकांना हे दुकान त्याचं होतं हे पहिल्यांदाच कळलं.

माझी एक रीत आहे. कपडा झाला का असं फोनवर कोणी विचारलं तर मी बसल्या जागी उत्तर देत नाही. "थांब, बघते," म्हणते, रिसीव्हर काउंटरवर ठेवते, आत जाते, कपडा काढून हाताने चाचपते, परत येते, खाकरते आणि मग सांगते. न बघता हो म्हणणाऱ्याच्या हातात मी रुमालही देणार नाही.

मागच्या वर्षी मुलाने दुकानाच्या फोनला एक सोय बसवली. माझं जुनं बोलणं फोन कंपनीकडे साठलेलं होतं, ते त्या सोयीला ऐकवलं. दुपारी मी इस्त्रीवर असले आणि फोन उचलला नाही की ती माझ्या आवाजात बोलते. "लोकांना तूच लागतेस," असं म्हणाला. खोटं कशाला सांगू, ऐकून बरं वाटलं.

मग एकदा मी ते कानाने ऐकलं. गिऱ्हाईक आपल्या कोटाचं विचारत होतं. यंत्र म्हणालं, "थांब, बघते." आणि चपला वाजल्या. माझ्याच, डावी जरा फरपटत. मग हँगर सरकल्याचा आवाज, पुन्हा चपला, खाकरणं, आणि "झालाय, घेऊन जा."

"घसा नाही, मग खाकरतं कशाला?" मी विचारलं.

"तुझ्याकडूनच शिकलंय ते."

"आणि गेलं कुठे?"

"म्हणजे?"

"बघते म्हणून गेलं ना? कुठे गेलं?"

"आई, ते कुठे जात नाही. कोट झालाय हे कॉम्प्युटरमध्ये असतं, तिथून सांगतं. चपला आपल्या नुसत्या वाजतात."

मी बरं म्हटलं. पण मागे वळून पाहिलं तर दांडीवर तो कोट हलत होता. पंखा चालू होता, तेव्हा पंख्यानेच हलला असेल.

गेल्या आठवड्यात जावई ब्लँकेट धुवायला टाकायला आला. चांगला माणूस आहे, बोलतो कमी. त्या दिवशी मात्र आपण होऊन म्हणाला, "आई, तुमचे उपकार आहेत. तुम्ही रोज दुपारी बोलता म्हणून तिला धीर आला. ती तपासणी आम्ही रद्द केली."

"कसली तपासणी?"

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. "काखेतल्या गाठीची. तुम्हीच नाही का सांगितलंत, काही नाही म्हणून?"

मी जावयासमोर गप्प बसणारी बाई नव्हे. पण त्याला कामावर जायचं होतं, मी तोंड उघडायच्या आत पावती घेऊन तो गेलासुद्धा. मी मुलाला हाक मारली आणि म्हटलं, ठकी त्या यंत्राशी काय बोललीय ते लाव.

त्याने लावलं. आधी ठकीचा आवाज आला. "आई, काखेत गाठ लागतेय गं. डॉक्टर म्हणतात सुई घालून बघायला पाहिजे, उशीर नको. मला फार भीती वाटते."

"थांब, बघते."

चपला निघाल्या. काउंटरपासून आत, इस्त्रीवरून पुढे, दांड्यांखालून. भिंत जिथे आहे तिथे पोचल्या आणि थांबल्या नाहीत. तशाच पुढे गेल्या. आमच्या दुकानात एवढं चालायला जागाच नाही. लांब कुठेतरी हँगर सरकत होते, एकामागून एक, जणू कोणाचं तरी काहीतरी शोधणं चाललंय. ठकी पलीकडे वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग चपला परत आल्या. खाकरणं.

"बघितलं मी. काही नाही. जाईल ते. घाबरू नकोस, बाळा."

जन्मात मी कोणाला बाळा म्हटलेलं नाही. पाळण्यातल्या पोरालासुद्धा नाही.

"हे कोणी शिकवलं?"

मुलाचं तोंड उतरलं होतं. "कोणीच नाही. तिला बरं वाटलं असेल, म्हणून तेच धरून बसलं असेल."

मी माझ्या नव्या मोबाईलवरून ठकीला फोन लावला; तो नंबर तिच्याकडे नव्हता.

"कोण?"

"मी. तुझी आई. ती तपासणी आजच्या आज करून घे."

"आई? अगं, आत्ताच तर बोललो आपण. आणि ओरडतेस काय? हल्ली ओरडत नाहीस ना तू."

"ते यंत्र आहे, ठके. तुझ्या दादाने बसवलेलं."

"ते गिऱ्हाइकांसाठी आहे, मला माहितीये. मी काय आईचा आवाज ओळखत नाही?"

"मग ही कोण बोलतेय?"

ती अगदी वेगळ्या सुरात म्हणाली, "तुम्ही कोण बोलताय? हल्ली लोक आवाज काढून फसवतात, ऐकलंय मी. परत या नंबरवरून फोन करू नका."

ज्या पोरीला मी बोलायला शिकवलं तिने मला तुम्ही म्हटलं आणि फोन ठेवला.

मुलगा सोय बंद करायच्या मागे लागला. स्क्रीन म्हणे, खात्री करायला दुकानाच्या फोनवर कॉल येईल, त्यात सांगितलेला आकडा इथे भरा. कॉल आला. आम्ही हात पुढे करायच्या आत यंत्राने उचलला, आकडा ऐकून घेतला, आभार मानले आणि ठेवून दिला. पुन्हा तेच, परत परत. मुलाने रागाने फोनची वायर उपटली. वायर त्याच्या हातात, आणि स्क्रीनवर पुढचा कॉल चालू.

"ते इथे नसतंच ना," तो म्हणाला. "कंपनीकडे असतं."

मग मदत केंद्र. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा, मध्ये बाजा. शेवटी एक मुलगी आली, अगदी गोड. "मॅडम, आपलं नाव सांगा, मी आवाज पडताळून घेते."

मी सांगितलं.

"सॉरी मॅडम, आवाज जुळत नाही."

"अगं, माझा आवाज माझ्याशी कसा जुळणार नाही?"

"खातेदार रोज बोलतात, मॅडम. त्यांचा आवाज जरा मऊ आहे. त्या आत्ता दुसऱ्या लाईनवरच आहेत, त्यांना विचारून सांगू का?"

मी फोन मुलाच्या हातात दिला. "तू हाक उंटावरून शेळ्या," म्हटलं आणि बस पकडली.

ठकीचं दार नुसतं लोटलेलं होतं. चपला बाहेर काढल्या आणि आत गेले. ती स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होती, पाठ माझ्याकडे, मोबाईल समोर उभा करून ठेवलेला. वाळलीय. मानेची हाडं दिसत होती.

"...तुझाच आवाज काढला गं कोणी बाईने," ती मोबाईलला सांगत होती. "आत्ता दारही वाजल्यासारखं झालं."

"थांब, बघते," माझा आवाज म्हणाला.

चपला निघाल्या. आधी लांबून, मग जवळ, डावी फरपटत. मी दारात उभी होते आणि त्या माझ्याकडे येत होत्या. अगदी माझ्यापाशी येऊन थांबल्या. मी खाली पाहिलं. माझे पाय अनवाणी होते.

ठकीने वळून बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे. हातातली शेंग तशीच राहिली.

मोबाईल खाकरला. "बघितलं मी. दारात कोणी नाही, बाळा."

पोरीचे डोळे मोबाईलकडे गेले, माझ्याकडे आले, परत मोबाईलकडे गेले. कोणाचं खरं मानावं ते तिला ठरवता येईना. आणि मी दोन शब्द बोलले असते तरी ते त्याच आवाजात निघाले असते. म्हणून मी बोललेच नाही. जवळ गेले, तिचा दंड धरून वर केला आणि काखेत हात घातला, कोटाच्या अस्तरात काही राहिलंय का बघताना घालते तसा. ती आक्रसली. बोटांना लागलं. अस्तरात गेलेल्या बटणासारखं, कडक, जागचं न हलणारं.

"काय गं झालं?" मोबाईल म्हणाला. "गप्प का झालीस, बाळा?"

ठकी माझ्या हाताकडे बघत होती. इस्त्रीने पोळलेला अंगठा आहे माझा, तिच्या जन्माआधीपासून तसाच. तिने त्यावर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "आई, आहे का गं?"

"आहे," मी म्हटलं. "हे ऐकायला लागू नये म्हणून तू काय केलंस, ते मी सांगते. लोक डॉक्टर बदलतात, ठके. तू आई बदललीस. भित्री आहेस, आणि ते माझ्याकडून आलेलं नाही. मटार राहू दे. चपला घाल."