भाड्यात बघून घेऊ

"बघून घेऊ" हे शब्द फार बेभरवशाचे. मायेने म्हटले तर "काळजी नको, होईल सगळं" असा अर्थ निघतो. दातओठ खाऊन म्हटले तर धमकी होते. आणि मास्तरांसारखा माणूस चष्मा पुसत पुसत म्हणाला, तर त्याचा अर्थ आपण येऊन बघू, एवढाच असतो. रंगाऱ्याला हे कळायला सात महिने लागले.

रंगारी म्हणजे पेशाने रंगारी. बावीस वर्षं लोकांच्या भिंती चकचकीत करण्यात गेली आणि स्वतः राहत होता पोपडे सुटलेल्या भाड्याच्या घरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावरचं. मधून एक अरुंद बोळ, बोळाला एक वळण, आणि वळणापुढे एकाच रांगेत तीन दरवाजे: स्वयंपाकघराचा, संडासाचा आणि मागच्या जिन्याचा. तिन्ही सारख्या मापाचे, सारख्या कडीचे. डोळसाला त्यात काही अडचण नव्हती.

अडचण होती अण्णांना. अण्णा म्हणजे रंगाऱ्याचे वडील, तेही रंगारीच. चाळीस वर्षं त्यांनी भिंतींवर हात चालवला, मग डोळ्यांत काचबिंदू आला आणि दोन वर्षांत सगळं विझलं. घरात त्या तीन दरवाजांशी त्यांचं रोजचं भांडण. एकदा ते जिन्याचा दरवाजा उघडून थेट दोन पायऱ्या खाली गेले. मोडलं काही नाही, पण घाबरले. पडल्याचं कुणाला सांगितलं नाही. गुडघ्यावरचं खरचटलेलं सुनेला धोतर धुताना कळलं.

सून, म्हणजे रंगाऱ्याची बायको, रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. सकाळची पाळी आणि जोडून दुपारची. रंगारी दिवसभर शिडीवर. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अण्णा घरात एकटे. रंगाऱ्याने बोळातून दोरी बांधायचं सुचवलं, तर म्हातारा कडाडला, "मी काय जनावर आहे, दावं बांधायला?" लाकडी कठडा ठोकावा, तर घरमालक मास्तरांच्या करारात ठळक अक्षरात लिहिलेलं, भिंतीत खिळा मारायचा नाही. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "दादा, आता आश्रमाचं बघ की." रंगाऱ्याने फोन ठेवला आणि चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पण ते शब्द त्याच्या डोक्यातून गेले नाहीत, हेही खरं.

मग त्याला एक कल्पना सुचली, आणि ती त्याच्या धंद्यातलीच होती. तो मास्तरांकडे गेला.

मास्तर गणिताचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बोलताना एक बोट हवेत आकडे लिहायचं. उभ्या नोकरीत कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही आणि कुणाचा अर्धा गुण कापला नाही, ही त्यांची शेखी, आणि ती खोटी नव्हती. माणूस वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

"मास्तर," रंगारी म्हणाला, "भिंतींना ओल आलीय, पोपडे पडतायत. माल माझा, मेहनत माझी. घर नव्यासारखं करून देतो. तेवढं भाड्यात..."

"करा की, अवश्य करा," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "भाड्यात बघून घेऊ."

घरी बायकोने विचारलं, "किती कमी करतो म्हणाले?"

"बघून घेऊ म्हणाले."

"म्हणजे किती?"

"अगं, मास्तर आहेत ते."

तिला हे उत्तर पटलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने विषय सोडला. त्याने मनात धरलं होतं, भाड्याचा तिसरा हिस्सा सुटेल. तेवढा सुटला की तिने दुपारची पाळी सोडायची. अर्धा दिवस अण्णांजवळ माणूस राहील, उरलेला अर्धा दिवस अण्णा आपले आपण निभावतील. ते कसं, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

कामावरून आला की तो घरी पुन्हा कामाला लागायचा. जुना रंग खरवडला, ओल मारली, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, अस्तर दिलं, वर रंगाचे दोन हात. स्वयंपाकघर उजळलं, खोल्या मोठ्या वाटायला लागल्या. बायको कौतुकाने म्हणाली, "दुसऱ्यांच्या घरी एवढं करता होय तुम्ही? मग आम्हालाच का इतकी वर्षं दुष्काळ?"

बोळ त्याने शेवटी घेतला. कमरेच्या उंचीवर, अण्णांच्या हाताला येईल अशा बेताने, लांबीत बारीक वाळू कालवून त्याने वीतभर रुंदीचा पट्टा ओढला. त्यावर मोडक्या कंगव्याने रेघा काढल्या. खोलीपाशी रेघा विरळ, वळण जवळ आलं की दाट. स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी एक उंचवटा, संडासापाशी दोन, आणि जिन्याच्या दरवाजापाशी वाळू अशी खरखरीत ठेवली की हात आपोआप मागे यावा. मग वरून भिंतीचाच रंग दिला. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तो जातिवंत कारागीर होता, लपवायचं म्हटलं की पुरतं लपवायचा.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"कोणी केलंय हे?"

"मीच, अण्णा."

"लाज नाही वाटत? भिंतीवरून हात फिरवला तर भिंत हाताला कळता कामा नये, हे मी तुला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं. हे काय भिंत म्हणायची का खवणी?"

अण्णा बडबडत पुढे गेले, हात पट्ट्यावरच. वळणाशी त्यांची बडबड थांबली. बोटं पुढे सरकली, एका उंचवट्यावर थबकली, पुढच्या दोनांवर थबकली. म्हाताऱ्याने ते दोन्ही उंचवटे पुन्हा एकदा चाचपले. मग कडी काढून आत गेला, बाहेर आला, आणि कुणी न बोलावता आपल्या खोलीत परत जाऊन बसला. त्या दिवशी रंगाऱ्याला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता, असं तो बायकोला म्हणाला, आणि त्याबद्दल त्याने दोन शब्द ऐकूनही घेतले.

त्यानंतर पाच महिने त्या घराने सुख बघितलं. भाडं उतरेलच या भरवशावर बायकोने दुपारची पाळी सोडली. सकाळी अण्णा एकटे असत, पण त्यांचं काही अडत नसे. ते बोळातून आपल्या ऐटीत जात-येत. कुणी हात धरायला गेलं तर "सरका, वाटेत उभे राहू नका" म्हणत. भाडं मात्र रंगारी पूर्वीइतकंच भरत होता. मास्तर बोलत नव्हते आणि याला विचारवत नव्हतं. दुपारच्या पाळीचे पैसे बंद झालेले, मालाची उधारी डोक्यावर. शेवटी बायकोच म्हणाली, "तुम्ही विचारता, का मी जाऊ?"

त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "बरोबर. बघून घेऊ म्हणालो होतो. रविवारी सकाळी बघायला येतो."

रविवारी ते वही आणि मोजपट्टी घेऊन आले. वहीत तीन रकाने आखलेले: सुधारणा, सोय, बिघाड. सुधारणेला सूट, सोयीला शून्य, बिघाडाला वजाबाकी. प्रत्येक भिंत बघितली. ओल गेली, सुधारणा. स्वयंपाकघर, सुधारणा. खिडक्यांना ऑइलपेंट, सुधारणा. "उत्तम काम," ते म्हणाले. "मी चौथा हिस्सा धरून आलो होतो. पण न्यायाने तिसरा होतो. तिसरा घ्या. दोन वर्षं." रंगाऱ्याला वाटलं, आपण या माणसाबद्दल मनात उगाच वाईटसाईट आणलं. बायको चहाचं आधण ठेवायला वळली.

हात धुवायला म्हणून मास्तर बोळात गेले. वळणावर तोल सावरायला त्यांनी भिंतीला हात टेकला. हात तिथेच राहिला. मग त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि बोटांनी तो पट्टा पार शेवटपर्यंत तपासला.

"हे काय आहे?"

रंगाऱ्याने सांगितलं. काही न लपवता, आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही. आणि वही उघडून तिसऱ्या रकान्यात लिहिलं.

"मास्तर, याला बिघाड म्हणायचं?"

"सोय म्हटलं असतं. पण पुढच्या भाडेकरूला हे चालेल का? तुम्ही रंगारी, तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाच्या घरात अशी भिंत बघितली असती, तर काय म्हणाला असता?"

रंगाऱ्याने पट्ट्याकडे बघितलं. काय म्हटलं असतं ते अण्णांनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

"घर सोडताना मी स्वतः घासून देईन," तो म्हणाला. "लिहून घ्या."

"तीन भाडेकरूंनी लिहून दिलं होतं. जाताना सामानाची गाडी दारात उभी असते हो, भिंत कोण घासत बसतं? तुम्ही घासालही. पण उद्या मी दुसऱ्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणू? करारात वाक्य असतं, भिंती गुळगुळीत आणि एकसंध. त्याखाली सही करायची म्हणजे ते खरं असायला हवं. पट्टा काढा, आज सही करतो. ठेवायचा असेल तर ठेवा, मी घालवत नाही कुणाला. पण मग सूट नाही."

ते रागावले नव्हते, हीच पंचाईत होती. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

मास्तर गेल्यावर नवराबायको स्वयंपाकघरात बसली. सूट नाही घेतली तर तिला दुपारची पाळी पुन्हा धरावी लागणार. ती पाळी मिळेलच असं नव्हतं. नाही मिळाली तर घरच सोडायचं. आणि दुसऱ्या घरात तरी हा पट्टा कोण ओढू देणार होतं?

"भिंत नसली तर मी आहे ना," बायको म्हणाली. "हात धरून नेईन. जिन्याच्या दरवाजाला वरून आडणा घालू. आहेच काय त्यात?"

ती मनापासून बोलली. तिच्या जागी दुसरी असती तर आश्रमाचं नाव काढून मोकळी झाली असती. रंगाऱ्याने मान हलवली, आणि त्याच दुपारी पॉलिश पेपर घेऊन बोळात बसला. वाळू कडक बसली होती. काम चांगलं केलं की असं होतं, निघता निघत नाही. आधी पत्र्याने खरवडावं लागलं. अण्णा खोलीतून आवाज ऐकत होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही की काय चाललंय. चाळीस वर्षं तोच आवाज ऐकला होता त्यांनी.

संध्याकाळपर्यंत नवी लांबी बसली, तिसऱ्या दिवशी रंगाचे दोन हात झाले. अण्णा बाहेर आले. भिंतीवर तळवा ठेवून हळूहळू वळणापर्यंत गेले.

"आता कसं!" ते म्हणाले. "हाताला कळतसुद्धा नाही. शिकलास म्हणायचं."

रंगारी बोळाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. बापाने उभ्या जन्मात केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते या कामाला यावं!

मास्तरांनी शब्द पाळला. सही झाली, भाडं तिसऱ्या हिश्श्याने उतरलं, थकलेल्या महिन्यांची सूटही त्यांनी न मागता वळती करून दिली. कुणालाही दाखवावा असा चोख करार.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी, सून धुलाईघरातून परत येण्याआधी, अण्णा एका दरवाजाशी उभे राहून कडीशी झटत होते. दरवाजा उघडत नव्हता, कारण तो जिन्याचा होता आणि त्याला वरून आडणा होता. सून आली तेव्हाही ते तिथेच होते, भिंतीकडे तोंड करून. तिने फरशी पुसली, धुतलेलं धोतर आणून हातात दिलं आणि पाठ करून उभी राहिली. दुपारी ती हात धरायला गेली तर त्यांनी हात मागे घेतला. "नको पोरी," म्हणाले. "सुनेने कुठवर न्यायचं, त्यालाही काही हद्द आहे."

रंगाऱ्याला हे तिने सांगितलं नाही. त्याला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. महिन्याभरात अण्णांचे ओठ सुकायला लागले. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी कमी पडतंय, पाजत जा. रंगाऱ्याने तांब्याभांडं नेऊन उशाशी ठेवलं. संध्याकाळी आला तर तांब्या तसाच काठोकाठ भरलेला. तो खाटेवर बसला, भांडं भरून त्याने अण्णांच्या तोंडाशी धरलं.

"अण्णा, घोटभर तरी घ्या."

अण्णांनी भांडं चाचपलं, आणि अगदी हळुवारपणे, सांडणार नाही असं, बाजूला केलं.

"तू दिवसभर घरी असशील तेव्हा पीत जाईन," ते म्हणाले. "उद्या किती वाजता जाणार आहेस?"

"सातला."

"मग आज नको," अण्णा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.