जिभेची उजवी कड

योगिनीला किळस यायला फार काही लागत नसे. कुणाचा उष्टा हात, ओट्यावरचं ओलं फडकं, कपाला लागलेला दुसऱ्याच्या ओठांचा डाग, कशानेही तिला मळमळे. आणि नशीब असं खट्याळ, की अशा बाईच्याच तोंडात घाण येऊन बसली.

अक्कलदाढ काढताना जिभेची नस दुखावली आणि उजवी अर्धी जीभ बधिर झाली. दाढदुखी गेली खरी, पण हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्या बाजूला भाताची शितं चिकटून राहत, आंबत, आणि तिला पत्ता नसे. कधी घासाबरोबर जीभही चावली जाई. थुंकलेला भात लाल दिसला की कळे. सातपूरच्या कारखान्यात मैत्रिणींबरोबर डबा खाणं तिने बंदच केलं. स्वतःच्या तोंडाची तिला शिसारी आली होती.

मग नस जोडायचं ऑपरेशन झालं. "वर्षभर वाट बघा," सर्जन म्हणाले. "तोवर काहीच कळलं नाही, तर पुढे फारशी आशा धरू नका." ते वर्ष आता सरत आलं होतं. रोज सकाळी ती आरशासमोर ब्रशने जीभ टोचून बघे. डावीकडे कळे, उजवीकडे ढिम्म.

त्यात सायखेड्याहून धोंडाबाई आली, संतोषची, म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या. बाई मायाळू, पण स्वच्छतेशी उभा दावा. पळीने आमटी चाखायची आणि तीच पळी परत पातेल्यात. ज्या पदराला नाक पुसलं, त्याच पदराने ताट पुसायचं. योगिनीच्या अंगावर काटा येई, पण ब्र काढायची सोय नव्हती. म्हातारी तिच्याचसाठी मऊ मऊ रांधायला आली होती.

रविवारी धोंडाबाईने मुगाची खिचडी केली. "खा गं पोरी, लय वाळली तू." संतोष शेजारीच जेवत होता. योगिनीने मन घट्ट करून एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि थांबली.

तोंडात काहीतरी होतं. बारीक, लांब, चावलं तरी न तुटणारं. तिने ताट सरकवलं.

"काय झालं?" संतोषने विचारलं.

"केस!"

धोंडाबाईचा चेहरा कसनुसा झाला. "अगं बया! थुक, थुक लवकर! माझ्याच डोईचा आसंल मेलीच्या." तिने ओंजळच पुढे केली.

योगिनी थुंकायला वाकली आणि तशीच राहिली. केस डावीकडे नव्हता.

जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर ती पानावरून उठून गेली असती, तेच तिने केलं: सगळ्यांदेखत खरकटं बोट तोंडात घातलं. उजवी कड. केस तिथेच होता. बोटही जिभेला लागत होतं, पुसट, जाड कापडातून लागावं तसं.

उमासा आला, तो तिने गिळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं थुक की! घाण हाय ती!" धोंडाबाई रडकुंडीला आली. "पुन्यांदा नाय रांधणार मी, आईची आण!"

योगिनीने मान हलवली. ओठ मिटून तिने तो केस जिभेवरून हळूच मागे नेला, पुन्हा पुढे आणला.

"थांबा आत्या," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "जरा वेळ राहू द्या."