जावई आला आणि माझे बेट गेले

मित्रांनो, समुद्राकाठच्या एका छोट्या विमानतळावर, हँगरच्या, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडच्या, पाठीमागे, पोटावर निळा पट्टा असलेले एक बुटके विमान उभे असते. नाकावर एकच इंजिन, एकच पंखा आणि आत चार खुर्च्या. ते विमान म्हणजे मी. तिकीट काढायला आलेली माणसे माझ्याजवळून जातात, पण माझ्यासाठी कोणी थांबत नाही. पूर्वी या गोष्टीने माझा जळफळाट होई. आता तो पुष्कळ कमी झाला आहे, पण तो कमी व्हायला काय काय घडावे लागले, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे कारागीर जोडीजोडीने काम करीत. एक जण माझ्या पंखाच्या आत हात घालून लोखंडी ठोकळा दाबून धरी आणि दुसरा बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकी. दिवसभर नुसता खडखडाट. इंजिन मात्र दुसऱ्याच कारखान्यातून, लाकडी खोक्यातून आले. ते माझ्या नाकात बसवले आणि पहिल्यांदा सुरू केले, तेव्हा सगळ्या कारागिरांनी हातातली कामे थांबवून कान दिले. "सूर चांगला लागलाय," असे त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मला विकत घेतले ते एका काकांनी. समोरच्या बेटावर माणसे, टपाल आणि औषधे नेण्याचा त्यांचा धंदा होता. काकू तिकिटाच्या खिडकीत बसत. पुढे काकांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांची पुतणी वैमानिक झाली. तिला सगळे ताई म्हणत. तिचा धाकटा भाऊ माझा मेकॅनिक. त्याला सगळे धाकटा म्हणत, अगदी त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले तरी.

बेटाची ती वर्षे माझी सुखाची वर्षे. उड्डाणाआधी ताई माझ्या नाकावर थाप मारी आणि म्हणे, "चल बुटक्या." बेटावर माझा आवाज ऐकू आला, की टपालवाला सायकलवर टांग टाकी. मी शाळेच्या बाई नेल्या, चष्मे नेले, एकदा एक पेटी नेली जिच्यातून सबंध वाटभर कोंबडीची पिले चिवचिवत होती. फक्त मधल्या पाण्यावर ताई कोणाशी बोलत नसे. माझ्या इंजिनाचा आवाज ऐकत राही. पलीकडचा किनारा जवळ आला, की मग तिचे खांदे खाली येत.

मला तिचा थोडा रागच येई. मी कधी दगा दिला होता का?

मग एके दिवशी निरीक्षक आले. विमाने सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणाऱ्या सरकारी खात्याचे ते अधिकारी. उंच, अबोल माणूस. तरुणपणी स्वतः वैमानिक होते. दुसऱ्या कुठल्याशा किनाऱ्यावर, माझ्यासारख्याच एका विमानाचे इंजिन समुद्रावर बंद पडले होते आणि आतली माणसे घरी परतली नव्हती. म्हणून नवा नियम झाला होता: तिकीट काढलेले प्रवासी खोल पाण्यावरून न्यायचे, तर विमानाला दोन इंजिने हवीत.

"आमच्या बुटक्याचं इंजिन कधी बंद पडलंय का, साहेब?" काकांनी विचारले.

"नाही."

"मग?"

"एकच आहे," निरीक्षक म्हणाले. "आणि खाली पाणी आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच, असे मला वाटले. अपराध कोणा भलत्याच विमानाचा आणि बेट तुटले माझे.

काकांनी मग दोन इंजिनांचे विमान आणले. पांढरेशुभ्र, लांब नाकाचे, दोन्ही पंखांवर एकेक इंजिन. धाकट्याने त्याचे नाव ठेवले जावई, कारण आल्या दिवसापासून त्याचे लाड सुरू झाले. हँगरमधली माझी जागा त्याला मिळाली आणि मी मागे उन्हात. समुद्राची खारी हवा पत्रा खाते, म्हणून त्याला रोज गोड्या पाण्याने आंघोळ. उरलेली बादली कधी आठवण झाली तर माझ्या अंगावर. काकूंनी त्याच्या खुर्च्यांना नवीन अभ्रे शिवले. माझ्या खुर्चीतला स्पंज वर्षानुवर्षे बाहेर डोकावत होता, तो कोणाला दिसला नव्हता. आणि ताई? ती त्याच्या नाकावर थाप मारत नसे, हे खरे. तिला दोन्ही इंजिनांपाशी जावे लागे. तेव्हा ती दोन थापा मारी.

मित्रांनो, ती दुसरी थाप मला फार लागे.

निरीक्षक मग वरचेवर येऊ लागले. दोन इंजिने आहेत म्हणजे निर्धास्त झालो, असे समजू नका, असे ते सगळ्यांना बजावत. एक बंद पडले की दुसरे इंजिन विमानाला एका बाजूला ओढते. वैमानिकाचा हात वेळेवर चालला नाही, तर विमान कलंडते. म्हणून ताईने तसा सराव करावा, आणि तो त्यांच्यासमोर करावा. उंचावर जाऊन ते एक इंजिन मुद्दाम बंद करत आणि ताई उरलेल्या एकावर विमान सांभाळी.

पहिला सराव यशस्वी झाला, तेव्हा काकू खिडकीतून बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागल्या. एका इंजिनावर उडाला म्हणून! मी आयुष्यभर एकाच इंजिनावर उडालो होतो. एक टाळी कोणी वाजवली नव्हती. त्याचे इंजिन बंद पाडायलासुद्धा साहेब लांबून येत. माझे चालू आहे की नाही, हे विचारायलाही कोणी येत नव्हते.

मला हौशी पर्यटकांना गावावरून एक चक्कर मारून आणण्याचे काम उरले. तेही हळूहळू आटले. चाकांतली हवा बसली. रोज सकाळी जावई गुरगुरत बेटाकडे निघे आणि मी मनात म्हणे, एकदा याचे इंजिन खरोखरच बंद पडू दे. म्हणजे कळेल सगळ्यांना.

तो दिवस भर उन्हाळ्यातला होता. धावपट्टीवरची हवा पाण्यासारखी हलत होती. एक बाळंतीण आपले तान्हे मूल घेऊन बेटावर घरी निघाली होती. बरोबर तिची आई, नवरा, एक पाळणा आणि दोन ट्रंका. शिवाय नेहमीचे प्रवासी. जावयाची एकही खुर्ची रिकामी राहिली नसती. ताईने बाहेरचा तापमापक पाहिला आणि सांगितले की दोन माणसे आणि ट्रंका पुढच्या खेपेला. त्या दोघांत बाळाचा बाप होता.

"अगं, खुर्च्या रिकाम्या आणि माणूस उभा," काका म्हणाले. "लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. हवा तापून विरळ झालीय, काका. एक इंजिन गेलं तर एवढं ओझं दुसऱ्याला पेलणार नाही. नियम आहे तसा."

"नियम आहे गं, पण जाईल कशाला इंजिन? नवंकोरं आहे."

"नवंकोरं आहे म्हणून नियम थांबत नाही."

बाळाचा बाप पुढे आला. तो रडकुंडीला आला होता. "ताई, माझं मूल जातंय आणि मी इथे राहू?"

"तुमचं मूल जातंय म्हणूनच राहा," ताई म्हणाली.

त्याने इकडेतिकडे पाहिले आणि त्याचे बोट माझ्याकडे वळले. "ते उभं आहे की तिकडे. त्यातून सोडा मला. मागोमाग येतो."

काय सांगू मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळसुद्धा शहारली. किती दिवसांनी कोणी माझे नाव काढले होते. धाकटा म्हणाला, "टाकी भरलेली आहे, ताई. चाकांत हवा भरली की झालं." काकांनीही मान हलवली. जवळचे तर बेट, आणि तो माणूस काही तक्रार करणार नव्हता.

ताई माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. तिलाही मोह झाला असावा. मग म्हणाली, "नाही. त्याला पाण्यावर परवानगी नाही."

त्या क्षणी मला नियमाचा, निरीक्षकांचा आणि ताईचा जितका राग आला, तितका कधी आला नव्हता. जावई दिमाखात धावपट्टीवर गेला. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि माझ्या मनात एकही चांगला शब्द नव्हता.

तो उचलला गेला. कुंपण ओलांडले. आणि त्याच्या उजव्या इंजिनातून फाटल्यासारखा आवाज आला.

मी जे मागितले होते, ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. उजवा पंख खाली गेला. नाक वळू लागले. पलीकडे घरांची छपरे होती आणि जावई त्यांच्यावर जेमतेम तरंगत होता. काकू खिडकीत उभ्या राहिल्या. बाळाच्या बापाने कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली. माझी असूया कुठे पळाली कोण जाणे. मी नुसते म्हणत होतो, वर ये, बाबा, वर ये. आत ताई होती. आत ते तान्हे मूल होते.

पंख सरळ झाला. बंद पडलेल्या पंख्याची पाती वाऱ्याला अडवू नयेत म्हणून ताईने त्यांची धार वाऱ्याकडे वळवली. विमान छपरांवरून पुढे गेले. मग अगदी सावकाश, गरोदर बाई जिना चढते तसे, ते वर चढले. मोठा वळसा घालून ते परत आले आणि धावपट्टीवर टेकले.

बाळाच्या बापाने मूल घेतले आणि तो तिथेच जमिनीवर बसला. ताई उतरली. ती चाकाला टेकून उभी राहिली. काका तिच्याजवळ गेले. त्यांनी विचारले, "अजून दोन माणसं असती तर?"

"छपरांवरून वर आलो नसतो," ती म्हणाली.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातातच धरून ठेवली.

आता तुम्हाला वाटेल, माझी असूया तिथे संपली. छे. दुसऱ्या दिवसापासून लोक जावयाला पाहायला येऊ लागले. त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. मला पुन्हा तेच खुपू लागले. ज्याचे इंजिन बंद पडले, त्याचा उदोउदो. ज्याचे कधीच पडले नाही, तो हँगरच्या मागे. हा कुठला न्याय?

निरीक्षक आले. त्यांनी जावयाचे उजवे इंजिन उघडायला लावले. जळलेल्या इंधनाचा धूर बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह मानेपाशी तुटला होता. त्यांनी तो तुकडा तळहातावर घेऊन पाहिला. मग विचारले, "मागे ते बुटकं उभं आहे, त्याचं इंजिन कुठल्या कारखान्याचं?"

"हेच," धाकटा म्हणाला. "याच घडणीचं. पण ते पाण्यावर जात नाही, साहेब. आणि ते कधी खोकलंसुद्धा नाही."

"उघडा."

मला आधी आनंद झाला, कारण कोणीतरी माझ्याकडे आले होते. मग अपमान वाटला. मला कशाला तपासता? धाकट्याने माझ्या नाकावरचे झाकण काढले, एकेक सिलिंडर सोडवला आणि व्हॉल्व्ह रॉकेलमध्ये धुऊन टेबलावर मांडले. निरीक्षक भिंग घेऊन वाकले. तिसऱ्यापाशी ते थांबले. त्यांनी भिंग ताईच्या हातात दिले.

माझ्या व्हॉल्व्हच्या मानेवर केसासारखा एक तडा होता. जिथे त्याचा तुटला होता, अगदी तिथेच.

ताईने पाहिले आणि भिंग खाली ठेवले. "त्या दिवशी आपण याला काढणार होतो," ती धाकट्याला म्हणाली. "त्या बाळाच्या बापाला घेऊन."

धाकटा मटकन स्टुलावर बसला. "मीच म्हणालो होतो, टाकी भरलेली आहे म्हणून."

मित्रांनो, मी कधी दगा दिला नाही, या एका गोष्टीवर मी इतकी वर्षे मान ताठ ठेवली होती. आणि दगा माझ्याच छातीत बसून होता. मला त्याची खबर नव्हती. पाण्यावर तो केव्हा उठला असता, कोण सांगणार? जावयाला दुसरे इंजिन होते. मला काय होते? निरीक्षकांनी माझे बेट तोडले, म्हणून मी त्यांना शिव्या दिल्या. त्या नियमानेच मला आणि माझ्या खुर्चीत बसू पाहणाऱ्या त्या माणसाला कोरडे ठेवले.

निरीक्षकांनी त्याच दिवशी सगळीकडे हुकूम पाठवला, की या घडणीचे प्रत्येक इंजिन उघडून पाहिल्याशिवाय उडवू नये. कुठल्या कुठल्या गावांत, कोणाकोणाच्या विमानात तसाच तडा सापडला असेल, ते मला ठाऊक नाही. त्या माणसांनाही ते कधी कळणार नाही. ती आपली रोजच्यासारखी संध्याकाळी घरी पोचली असतील.

माझे व्हॉल्व्ह बदलले. ताई आता माझ्यावर नव्या वैमानिकांना शिकवते. शेतांवरून उडत असताना ती मध्येच माझ्या इंजिनाचा जोर अगदी कमी करते आणि शेजारी बसलेल्याला विचारते, "इंजिन गेलं. आता काय?" मग तो घामाघूम होऊन खाली मोकळी जमीन शोधू लागतो. कोणी नांगरलेले शेत निवडतो, कोणी विजेच्या तारांकडे निघतो आणि बोलणी खातो. जमीन जवळ आली, की ती मला पुन्हा जोर देते आणि आम्ही वर चढतो.

असूया अजिबात गेली, असे मी म्हणणार नाही. सकाळी जावई बेटाकडे निघाला, की माझे नाक अजून तिकडेच असते. पण तो दिसेनासा झाला, तरी त्याच्या इंजिनांचा आवाज मी ऐकत राहतो. दोन्ही नीट चालली आहेत ना, म्हणून.

मित्रांनो, तुम्हाला कोणी तपासायला आले, तर तो तुमचा अपमान समजू नका. आणि तुमच्या घरातही कोणीतरी असेल, वर्षानुवर्षे न थकता राबणारे आणि "मला काही होत नाही" असे अभिमानाने सांगणारे. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. त्याचा हात धरा आणि त्याला तपासायला न्या. तो रागावेल, कुरकुर करील. मीही केली होती.