बारीक होत जाणाऱ्या ओळी

त्या गुरुवारी दुपारी मी आईच्या दुकानात चहाला गेले, तेव्हा ती शिंपीणकाकूंच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम बसवत होती आणि काकू कुरकुरत होत्या.

"अहो, आधी कार्ड द्या की. मघापासून बाकावर बसून सगळ्यांचं नुसतं ऐकतेय. त्या नणंदेनं दार उघडलं की नाही?"

"काच तर घालू द्या. दिसायला नको?"

"दिसेल हो. तुम्ही द्या तर!"

आईचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, फ्रेमांची कपाटं आणि बसायला एक लांब बाक. मागे पडद्याआड डोळे तपासायची खोली. जवळचा नंबर काढताना सगळीकडे एक छापील कार्ड हातात देतात. त्यावर कसलीतरी सुटी वाक्यं असतात, वरची मोठ्या अक्षरात, खालची बारीक. आईला ते कार्ड कधीच सोसलं नाही. "असलं वाचायला लावून माणसाचे डोळे काय तपासणार, सहनशक्ती कळेल फार तर," असं ती म्हणायची. मग त्या महिन्यात ती स्वतः जे पुस्तक वाचत असेल त्यातला एक उतारा घ्यायची, वरून खाली अक्षर लहान करत छापायची, प्लास्टिकमध्ये घालायची आणि महिनाभर येईल त्याच्या हातात द्यायची. "वाचता येतंय का?" हा तिचा पहिला प्रश्न आणि "कसं वाटलं?" हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर दिल्याशिवाय चष्मा मिळत नाही, अशी गल्लीत अफवा होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

त्यामुळे त्या बाकावर जे बोलणं चालायचं ते मी आजवर कुठल्या चर्चासत्रात ऐकलेलं नाही. एका बसचालकाने एका नावाजलेल्या नायकाबद्दल "हा माणूस फार रडतो हो, याला एक रात्रपाळी करायला लावा" एवढंच मत दिलं होतं. त्या पुस्तकावर मी माझ्या साप्ताहिकाच्या सदरात लांबलचक लेख लिहिला होता. बसचालकाचं म्हणणंच माझंही म्हणणं होतं. मला फक्त ते तीन रकान्यांत सांगावं लागलं.

शिंपीणकाकू वाचत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या, फ्रेमसकट पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे कडीला हात लावलाय फक्त. अगं बाई! पुढे?"

"पुढे पुस्तकात," आई म्हणाली. "वाचनालयात आहे. आणि तुमचा नंबर वाढलेला नाही. उगाच दिवे मालवून शिवत बसता, म्हणून डोकं दुखतं."

काकू गेल्यावर आई माझ्यासमोर बसली. ती नणंद ज्या कादंबरीतली होती ती नऊशे पानांची, पाणीखात्यातल्या एका कारकुनाच्या कुटुंबाची. आईने ती मला वाचायला लावली होती.

"झाली का?"

"झाली. शंभर पानं कमी चालली असती."

"कुठली?"

"ती सगळी पाण्याच्या टाक्यांची तपासणी."

"तेच तर पुस्तक आहे, बाई! तो माणूस घरात तोंड उघडत नाही आणि टाकीत उतरला की गातो. ते काढून टाकलंस तर राहिलं काय, नणंद?"

"त्याने एकदा गायलं असतं तरी कळलं असतं."

"तुला एकदाच कळतं गं. तू हुशार आहेस. बाकीच्यांना माणूस ओळखायला वेळ लागतो."

तेवढ्यात प्राध्यापक आले. ते साहित्य शिकवायचे, आईचे जुने गिऱ्हाईक, आणि माझं सदर नेमाने वाचणारे. चष्मा न्यायला आले होते. मला पाहून खूश झाले, माझ्या आठवड्याच्या लेखातली दोन वाक्यं त्यांनी म्हणून दाखवली. आई चष्म्याच्या दांड्या सरळ करत ऐकत होती.

"लेख मीही वाचला," ती म्हणाली. "सगळं आहे त्यात. फक्त हिला पुस्तक आवडलं का, तेवढं शोधावं लागतं. मी दोन चष्मे बदलून पाहिले."

प्राध्यापक मोठ्याने हसले. "मॅडम, ती समीक्षा आहे. तुमची आवड गोष्टीची. सरळ, साधी आवड. तीही असावी लागते जगात."

आई हसली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप उचलला. मग तिने प्राध्यापकांच्या नाकावर चष्मा बसवला, थोडा मागे सरून पाहिला आणि म्हणाली, "डावा कान तुमचा जरा वर आहे. ते मात्र मला कुठल्याच चष्म्याने खाली आणता येणार नाही." ते पुन्हा हसले. मीही हसले, आणि कामाला निघून गेले.

शुक्रवारी सकाळी दुकानाचं कुलूप काढताना आई पायरीवर बसली ती उठली नाही.

दुकान बंद करायचा प्रश्न नव्हता. आईबरोबर कितीतरी वर्षं काम करणाऱ्या छोट्या मॅडम होत्या. त्या आईपेक्षा वीतभर उंच. पण आई मोठ्या मॅडम, म्हणून या छोट्या. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांनी दुकान उघडलं आणि महिना संपताना मला फोन केला.

"ताई, नवं कार्ड लागेल. दर महिन्याला बदलायची सवय आहे लोकांना. बाकावर विचारतात. तुम्ही काढून द्याल ना उतारा? मला त्यातलं काही जमायचं नाही."

मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. आईसाठी करता येण्याजोगं काहीतरी हाताशी आलं होतं आणि ते नेमकं माझ्या कामातलं होतं. मी घरची कपाटं धुंडाळली आणि मला फार प्रिय असलेल्या एका छोट्या कादंबरीतला उतारा काढला. रिकाम्या खोलीच्या भिंतीवर दुपारचं ऊन सरकतं, एवढंच त्यात घडतं. एकही शब्द जास्तीचा नाही. आजही तो उतारा माझ्या दृष्टीने निर्दोष आहे.

पंधरवड्याने छोट्या मॅडमचा पुन्हा फोन आला. "दुकानात येऊन जाता का? फोनवर नको."

मी गेले तेव्हा काउंटरवर चष्म्यांचा ढीग होता आणि डोकं दुखायचं थांबेना म्हणून पुन्हा नंबर काढून घेतलेल्या शिंपीणकाकू तावातावाने बोलत होत्या. "सुई नाकाशी न्यावी लागतेय मला! हा चष्मा आहे की भिंग? मोठ्या मॅडम असत्या तर असं झालं नसतं."

काकूंना बाकावर बसवून छोट्या मॅडमनी मला पडद्यामागे नेलं.

"ताई, रागावणार नाही ना?"

"बोला."

"उतारा वाईट नाही हो. पण लोक तिसऱ्या-चौथ्या ओळीला सोडून देतात."

"दिसत नाही म्हणून?"

"कंटाळतात म्हणून. पण कंटाळा आला असं तोंडावर कसं सांगणार? तुमची निवड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मग म्हणतात, इथून पुढे दिसत नाही. मी बिचारी काच वाढवते. तरी दिसत नाही. आणखी वाढवते. असे सगळे जास्त नंबरचे चष्मे गेले आणि एकेक करून परत येताहेत. चूक माझीही आहे. मला मॅडमच्या कार्डाची सवय. त्यावर माणूस थांबला की खरंच डोळा थांबलेला असायचा."

मला हसू आलं, आणि ते मधेच कुठेतरी अडलं. आयुष्यभर मी पुस्तकांबद्दल लिहीत आले, पण माझ्या आवडीने कुणाला चुकीचा चष्मा लागल्याचं पहिल्यांदाच ऐकत होते.

"आई कसा निवडायची?"

"निवडायला वेळ लागायचा त्यांना. मी इथे काचा पुसत असायची. त्या पुस्तक घेऊन समोर बसायच्या आणि नुसतं वाचायला लागायच्या, काही न सांगता. माझा हात चालूच राहिला की पान उलटायच्या. एखाद्या ठिकाणी माझा हात थांबायचा. मला कळायचंही नाही थांबलाय ते. लगेच म्हणायच्या, 'हा पास.' मग कात्री चालायची. जिथे जीव अडकतो ते बरोबर सगळ्यात बारीक ओळीत यायला हवं, असं गणित असायचं. माणूस डोळे ताणून, पुढे वाकून, जिवाच्या आकांताने वाचतो आणि मग खरा नंबर कळतो."

"हे तिने मला कधी सांगितलं नाही."

"तुम्हाला काय सांगायचं, असं वाटलं असेल. तुम्हाला माहीतच असणार."

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आई आवडेल ते छापते. तिचं वाचणं भरपूर आणि मोकळं आहे, त्यात निवड अशी नाही, असंच मी धरून चालले होते. आणि ती तर दर महिन्याला वाक्या-वाक्याचं वजन करत होती. कोणतं वाक्य माणसाला खालच्या ओळीत उतरवतं आणि कोणतं तिथेच बसवून ठेवतं, हे दुसऱ्याच्या हाताकडे बघून ठरवत होती. त्या पाणीखात्याच्या कादंबरीबद्दलचं माझं मत अजून बदललेलं नाही. पण नऊशे पानांतून ती कडीवरच्या हाताची ओळ काढून ठेवणं मला साधलं नसतं.

मग मी रोज संध्याकाळी दुकानात जाऊ लागले. परीक्षणासाठी माझ्याकडे नवी पुस्तकं येतात, ती पिशवीत घालून न्यायची, छोट्या मॅडमसमोर बसायचं आणि वाचायचं. त्या काचा पुसायच्या. हात चालूच. मी वाक्यांच्या मोहात पडायची, त्यांचा फडका आपला गोल गोल फिरत राहायचा.

"छान आहे," त्या म्हणायच्या.

"हात नाही थांबला."

"नाही थांबला, ताई. काय करू?"

एकदा एक सुंदर उतारा वाचताना तर त्यांनी जांभई दिली आणि दोघीही खो खो हसलो. आई गेल्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा तशी हसले. हळूहळू मला वाचतानाच कळायला लागलं की आता हात थांबणार नाही. मी स्वतःच पान उलटू लागले. एखाद्या पुस्तकात काय आहे हे मला नेहमीच दिसायचं. त्यातून कुणाला काय हवंसं वाटेल, हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि बघताना आईच्या शेजारी बसल्यासारखं वाटत होतं.

शेवटी एका अगदी नव्या लेखिकेच्या पहिल्या कादंबरीत ते सापडलं. दोन भाऊ, कितीतरी वर्षं एकमेकांशी न बोलणारे. घर रिकामं करताना वडिलांचं लोखंडी कपाट दोघांना मिळून खाली उतरवावं लागतं. जिन्याच्या वळणावर ते अडकतं. वर धाकटा, खाली थोरला, आणि सगळं वजन खालच्याच्या खांद्यावर. आता कुणीतरी 'उचल' म्हटल्याशिवाय सुटका नाही. मी वाचत होते, आणि फडक्याचा आवाज बंद झाला.

"हा पास," मी म्हणाले. छोट्या मॅडमनी मान फिरवून डोळे पुसले, आणि मग त्याच फडक्याने पुन्हा काच.

नवं कार्ड लागल्यावर बाक पुन्हा बोलता झाला. धाकट्याचंच चुकतंय, असं शिंपीणकाकूंचं ठाम मत पडलं. बसचालक म्हणाला की मुळात कपाट रिकामं न करता उचललंच कसं. परत आलेले चष्मे नव्या नंबराने पुन्हा गेले. मी कामाहून येता येता तिथे बसायची, कार्ड हातात द्यायची, ऐकायची.

अशाच एका संध्याकाळी प्राध्यापक आले. चाळिशीचा नंबर वाढल्यासारखा वाटतोय म्हणाले. छोट्या मॅडमनी फ्रेम चढवली, मी कार्ड दिलं. त्यांनी वर्गात वाचावं तसं खणखणीत सुरू केलं. मधल्या ओळींना आवाज खाली आला. मग ते नुसतेच ओठ हलवू लागले, खुर्चीत पुढे सरकले, कार्ड दिव्याकडे कलतं केलं आणि सगळ्यात बारीक ओळ अक्षर अक्षर लावत पुरी केली: थोरल्याने मान वर न करता घसा खाकरला.

"मग? बोलला का तो?"

"पुस्तकात आहे," मी म्हणाले.

ते मोकळेपणाने हसले. छोट्या मॅडम नंबर टिपून घ्यायला बाहेर गेल्या. प्राध्यापकांनी कार्ड पुन्हा एकदा पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, "तुमची निवड लगेच कळते. अभिरुची म्हणतात ती हीच. आईसाहेब फार गोड बाई होत्या, पण त्यांचं वाचन म्हणजे... तुम्हाला ठाऊकच आहे. साधं होतं. तुम्ही ते कुठल्या कुठे नेलंत."

त्यांना मला बरं वाटावं असंच वाटत होतं. मी होकारार्थी मान हलवली असती तर आमची संध्याकाळ छान गेली असती. समोर त्या फ्रेममध्ये त्यांचे डोळे मोठे दिसत होते.

"नाही, सर," मी म्हणाले. "साधं नव्हतं. हा उतारा मी निवडला, पण निवडायचं कसं ते तिचं आहे, आणि मी ते आत्ता शिकतेय, चुका करत. मी पुष्कळ वाचणारी माणसं पाहिली, लिहिणारी पाहिली, तुमच्यासारखी शिकवणारी पाहिली. माझ्या आईइतकं चांगलं वाचणारं माणूस मला भेटलेलं नाही."