करदोट्याची किल्ली

मी कुलूप बोलतोय. सहसा आम्ही बोलत नाही. तोंड बंद ठेवण्यासाठीच आमची नेमणूक होते. पण आता मी नोकरीत नाही, तेव्हा हरकत नसावी.

जन्म अलीगढचा. नोकरी नगर जिल्ह्यातल्या एका नव्या कृषी विद्यापीठात. नाव सांगत नाही; नोकरी सुटली तरी तेवढं पाळावं. मला बियाण्याच्या कोठीवर लावलं. किल्ल्या दोन. एक साहेबांच्या खिशात, दुसरी कोठी सांभाळणाऱ्या आसारामतात्यांच्या करदोट्याला. तात्या अंघोळ करत तेव्हा तिलाही घडे.

साहेबांनी आल्याआल्या नियम केला: कोठी उघडायचा अधिकार फक्त नेमलेल्या माणसाला, आणि नेमलेला कोण हे त्याच्या छातीवरच्या पितळी बिल्ल्यावरून ठरायचं. एकदा साहेबच बिल्ला घरी विसरले. त्या दिवशी नियम घरीच राहिला.

पुढे तात्या निवृत्त झाले. शाल दिली, नारळ दिला, भाषणं झाली. परत काय घ्यायचं याचाही कसून विचार झाला होता. बिल्ला घेतला, छत्री घेतली, बॅटरी घेतली, आतले सेल हलवून पाहिले. किल्ली राहिली. सत्काराच्या वेळी माणसाला धोतर सैल कर म्हणायचं कुणी? तात्यांना तर ती आपल्या अंगाचीच वाटत होती. बिल्ला जमा झाला, म्हणजे किल्लीही झाली असणार, असं सगळे धरून चालले. तात्यांच्या जागी नवा माणूस नेमायचं काम तेवढं रेंगाळलं.

मग बहात्तरचा दुष्काळ. सगळा पावसाळा कोरडा गेला आणि नवरात्रात एकदाच बरा पाऊस पडला. त्यावर वाफसा आला, म्हणजे पेरायला हवी तेवढीच ओल मातीत उरली. ती फार थांबत नाही. बैल पाभरीला जुंपलेले, ज्वारीचं बियाणं माझ्याआड, आणि साहेब किल्लीसकट पुण्याला मीटिंगला. कुलूप तोडायला परवानगी लागते. ती साहेबच देतात.

रोजंदारीवरची राहीबाई माझ्यासमोरच बसली होती. पेरणी झाली तर तिला काढणीपर्यंत काम होतं. नाहीतर पोटुशी सून घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं.

"साहेब परवा येत्याल, मावशी," मुकादम सहादेव म्हणाला.

"आन् वाफसा? त्येला बी बिल्ला दावून थांबवा की."

एवढं बोलून ती तडक उठली आणि तात्यांच्या घरी गेली. आली ती त्यांना घेऊनच. सत्काराची शाल अंगावर होती. ते धोतराच्या कडेला चाचपू लागले तसा सहादेव पुढं झाला.

"तात्या, तुमाला आता अधिकार न्हाई."

"न्हाईच," तात्या म्हणाले. "किल्ली तेवढी हाय."

किल्ली अंगाच्या उबेनं कोमट होती. मला बिल्ल्यातलं काही कळत नाही. दाते जुळले, मी उघडलो. दिवस मावळायच्या आत पेरणी झाली.

साहेब परतले, ज्वारीही उगवली. चौकशी मात्र कोठी उघडली कशी याची झाली. विचारलं तेवढं तात्यांनी खरं सांगितलं. त्यांच्याकडून किल्ली काढून घेऊन पाकिटात घातली, वर लाखेचा शिक्का मारला. माझ्यावर ठपका असा, की अधिकार नसलेल्या इसमाला मी ओळखलं. मला भंगारात काढलं आणि माझ्या जागी नवं कुलूप आणलं. त्याची एक किल्ली साहेबांच्या खिशात. दुसरी, सुरक्षिततेसाठी, कोठीच्याच आतल्या कपाटात.

काढणीला ज्वारीची पोती कोठीपाशी आली, तेव्हा साहेब पुण्याला होते. पोती ओसरीवर उघडी राहिली आणि त्यांच्या राखणीला राहीबाईला आणखी काम मिळालं. शेजारी झोळीत नातू झोपलेला.

मला तात्यांनी मागून नेलं. आता मी त्यांच्या शेळ्यांच्या खोपटाला असतो. किल्ली नाही, म्हणून नुसता अडकवलेला. शेळ्यांना फरक कळत नाही.

तुमच्याही कचेरीत कुणी निवृत्त होत असेल. बिल्ला घ्या, छत्री घ्या, सेलही मोजून घ्या. फक्त शाल पांघरताना त्याच्या करदोट्याकडे फार निरखून पाहू नका.