पदरावरची पिन

"आई, तेवढी पिन काढता का?" म्हणत उत्तराची वाट न पाहता रोहिणीने सासूच्या पदरावरची 'जय भीम' लिहिलेली निळी पिन स्वतःच काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

द्रौपदीबाई महिन्याभरासाठी नागपूरहून आल्या होत्या. समोर जर्मनीतल्या बॉबलिंगेन गावचा हॉल, दारावर चाळीस देशांचे झेंडे.

"मेळावा विविधतेचाच आहे ना गं?"

"जर्मनांना सगळं चालतं हो. आपल्या मराठी मंडळाचा नेम नाही. मंडळातल्याच उज्ज्वलच्या घरी बाबासाहेबांचा फोटो दिसला, तेव्हापासून त्याला कुणी साधं चहाला बोलावलं नाही. दीपाच्या मैत्रिणी सगळ्या मंडळातल्याच आहेत, आई. विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

नागपुरात भर बँकेत मॅनेजरला जय भीम घालणारी ही बाई. पण नातीचं नाव निघालं, तशा मूग गिळून आत गेल्या.

मंडळाच्या टेबलावर सुनेत्राताई थालीपिठं मांडत होत्या.

"या काकू, बसा!"

तेवढ्यात नऊ वर्षांची दीपा धावत आली. पूर्ण नाव धम्मदीपा, आजीनेच हौसेने ठेवलेलं. मंडळात मात्र ती नुसती दीपा. आजीच्या खांद्यावर बोट टेकवून तिने जर्मनमध्ये विचारलं, तुझी निळी पिन कुठे गेली?

सुनेत्राताईंचं जर्मन बेकरीपुरतंच.

"काय म्हणतेय गं?"

रोहिणी घाईने मध्ये पडली.

"आजीला भूक लागलीय का, विचारतेय."

द्रौपदीबाईंना जर्मन कळत नव्हतं, पण नातीचं बोट कुठे टेकलंय ते कळत होतं. त्यांनी पदर पुढे ओढून घेतला.

"नाही गं बाळा, आत्ताच जेवले."

दीपा आईकडे बघतच राहिली. ती उत्तरं जर्मनमध्ये द्यायची, पण मराठी तिला सगळं कळायचं. एक तरी वाक्य मराठीत बोल, म्हणून रोहिणी चार वर्षं तिच्या मागे लागली होती.

"गोड आहे हो पोरगी," सुनेत्राताई म्हणाल्या. "पूर्ण नाव काय गं तुझं?"

दीपाने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा आईच्या पर्सकडे. मग स्वच्छ मराठीत म्हणाली,

"दीपाच. नुसतं दीपा."

रोहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेत्राताईंनी कौतुकाने टाळी वाजवली.

"अय्या, मराठी बोलली की! छान शिकवलंस हो रोहिणी."