मधलं नाव

"काका, या बाईंचं मधलं नाव सायलस कसं?" सुजीतने स्क्रीनवर बोट टेकवलं. "मार्था सायलस गुडविन. सायलस पुरुषाचं नाव ना?"

"नवरा तिचा," गुणवंत शेलार म्हणाले. "दगडावर खाली लिहिलंय."

घ्या! सुजीतने कपाळाला हात लावला. अमेरिकेतली टॉलिव्हर काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा लहानसा तालुका. तिथल्या जुन्या थडग्यांच्या फोटोंवरून नावांची यादी करायचं काम आखातात, जबल अलीतल्या त्यांच्या ऑफिसला मिळालं होतं. फर्स्ट नेम, मिडल नेम, सरनेम. मिडल नेम म्हटल्यावर मराठी माणूस दुसरं काय लिहिणार? गुणवंतरावांनी पोरांना बापाचं आणि बायकांना नवऱ्याचं नाव लावून टाकलं होतं, चांगल्या अकराशे मयतांना. आज काउंटीतून मेल आला होता की ही माणसं आमची नाहीत, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. काहींना खरीखुरी मधली नावंही होती, त्यामुळे एकेक बघून हातानेच काढायला हवं होतं. पुन्हा चूक निघाली तर तुमचं नोकरीचं एक्स्टेन्शन खलास, असं वयाने लहान पण हुद्द्याने साहेब असलेल्या सुजीतने चाचरत सांगून टाकलं. व्हिसा ऑगस्टपर्यंतच होता.

आमची नाहीत म्हणे! आठ महिने गुणवंतरावांना त्या माणसांशिवाय दुसरं होतं कोण? बायको, सुचित्रा, जाऊन चार वर्षं झाली. इंटरनॅशनल सिटीतल्या खोलीतला जोडीदार रात्रपाळीचा, त्याच्या फक्त चपला भेटत. टॉलिव्हरमध्ये मात्र सगळे ओळखीचे. नावं ताडून बघायला काउंटीचा इतिहास मिळाला होता, तो त्यांनी पोथीसारखा वाचला होता. रेल्वे येणार म्हणून लोकांनी हौसेने स्टेशन बांधलं आणि गाडी गेली अकरा मैल लांबून. एका घंटेवरून दोन चर्चची माणसं साठ वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत, पण गारपीट झाली की एकमेकांची कापणी करून द्यायची, तीही न बोलता.

जेवणाच्या सुट्टीत इराचा मेसेज आला. लेक खलिफा सिटीत, दीड तासावर, पण 'नेक्स्ट वीकएंड, इन्शाल्ला' म्हणत चार महिने गेले होते. नव्या पासपोर्टचा फोटो होता, ऑफिसात प्रिंट काढून ठेवा म्हणून. नाव होतं इरा सबनीस, आडनाव सासरचं. मधे काहीच नाही. त्यांनी लगेच फोन लावला.

"अगं, माझं नाव राहिलं वाटतं."

"राहिलं नाही पप्पा. इट्स सिंपलर. कुशलचंही नाही लावलं. लास्ट पेजवर आहे ना तुमचं." मग तिला मीटिंग होती.

त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण सांगणार कोणाला? ते जागेवर येऊन बसले आणि एकेका लेकराचा बाप, एकेका बाईचा नवरा पुसत गेले. एस्थरचा अमोस गेला, मार्थाचा सायलस गेला.

शेवटी उरलं एक तान्हं पोर. साल १९०३. दगडावर एवढंच होतं: अमोस पाइकचा मुलगा, दोन दिवस. त्याला नाव ठेवायलाही कोणाला सवड झाली नव्हती; यादीत आडनावाआधी फक्त मधलं 'अमोस' होतं. गुणवंतरावांनी बटणावर बोट ठेवलं आणि उचललं.

पाच वाजता सुजीतने यादी तपासली. "काका, एक राहिलंय."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"यादी परत आली तर? तुमचं एक्स्टेन्शन..."

"येऊ दे. त्या पोरापाशी तेवढंच आहे."

सुजीतने त्यांच्याकडे पाहिलं आणि यादी तशीच पाठवून दिली.

खाली कंपनीची बस उभी होती. पठाण ड्रायव्हरकडे पासपोर्टवरच्या नावांची यादी असे. 'गुणवंत' त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही, म्हणून तो मधलंच नाव पुकारायचा. अठरा वर्षं गुणवंतराव रोज त्याला सांगत आले होते, अरे बाबा, बाबूराव मेरे पिताजी थे.

"बाबूराव?" ड्रायव्हरने हाक दिली.

"हाजिर," ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.